जानरावचे एकोणतीस मार्क

जानरावनं एकतीस वर्षं एसटी चालवली. इतक्या वर्षांत चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे तो प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगायचा. पाहुणा नसला, तर बायकोला, वच्छलेला. निवृत्तीनंतर त्यानं जुनी कार घेतली. विमा काढताना एजंट राजपालनं मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. नीट चालवली की मार्क जास्त, मार्क जास्त की हप्ता कमी.

वर्षाच्या शेवटी निकाल लागला. शंभरात एकोणतीस.

"अवो, डेपोनं बिनअपघाताचा बिल्ला देल्ला, अन् मोबाइलनं नापास केलं!" वच्छला पोट धरून हसली. जानराव जेवलाच नाही. सकाळी उठून आसेगावहून थेट मंगरूळपीरला, राजपालच्या दुकानात.

"काहून रे, मी कुठी चुकलो?"

"जोराचे ब्रेक, काका. एकशे चौदा."

"आसेगावच्या रस्त्यानं म्हशी विचारून आडव्या येतेत का? ब्रेक नाही मारू त हात जोडू?"

"ते माह्या हातात नाही, काका. थर्ड पार्टीचा, म्हंजे दुसऱ्याच्या नुकसानीचा दर सरकार ठरवते, तो साऱ्याइले सारखा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता कंपनी ठरवते, अन् मार्कही तेच देते."

"अन् कंपनीले कोन तपासते?"

"वरतं हायेत ना सायब."

"किती वरतं? तिथून आसेगाव दिसते का?"

राजपालनं आवाज हळू केला. "गाडी अंगनात उभी ठेवा. तुमच्या गावच्या धरमसिंगची गाडी चार महिन्यापासून बंद हाये. त्याले सत्त्यान्नव!"

म्हणजे न चालवणारा पहिला आला होता. जानराव उठला. "बस गाडीत."

आसेगावच्या वळणावर म्हशींचा कळप रस्त्यावर चढला. जानरावनं शांतपणे विचारलं, "राजपाल, ब्रेक मारू का? मार्क कटतीन."

"मारा!"

"पाहा बरं, तूच म्हनून राह्यला."

"काका, मारा ना! पाया पडतो!"

गाडी शिंगापासून हातभर अलीकडे थांबली. एकतीस वर्षांच्या पायाला अंतर ठाऊक होतं, राजपालला नव्हतं. मोबाइल टुणकन वाजला. एकशे पंधरा. मार्क सत्तावीस.

"आता लिही, हा ब्रेक बरोबर होता."

राजपालनं पिशवीतून विम्याचा फॉर्म काढला, उलटापालटा करून पाहिला. "काका, त्याले रकाना नाही."

"मंग ते ॲप काढ अन् महागाचा साधा विमा दे. मशीनले खूश कराले मी म्हशीले उडवत नाही."

दुकानात परतल्यावर राजपालनं सहीसाठी पेन पुढे केलं. जानरावनं सही केली, एका दमात, सरळ रेषेत.