बोटावर नसलेली शाई

खारघरच्या आपल्या पुस्तकांच्या छोट्याशा दुकानात मालकीण ताईंनी मला, आठवीतून शाळा सोडलेल्याला, कामाला ठेवलं. वर हवी ती पुस्तकं वाचू दिली. हळूहळू मला मतांची शिंगं फुटली. दुकानातला टॅब दाखवत मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणालाही उघडून दुरुस्त करता येतं. लोकशाहीपण अशीच असते, फक्त आपण हात घालायला पाहिजे."

मतदानासाठी ताईंनी दोन दिवस सुट्टी दिली, कारण माझं नाव अजून लातूरकडच्या गावच्या यादीत आहे. पण गावात सगळे विचारणार, "शाळा सोडून काय दिवे लावलेस?" त्या धास्तीने मी खोलीवरच पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी नेहमीचे एक आजोबा काठी टेकत दुकानात आले. शाईचं बोट नाचवत म्हणाले, "गुडघे नको म्हणत होते. तुझ्या भाषणामुळे गेलो बघ! आता तुझं दाखव."

मी डावा हात खिशात घातला.

ताई कौतुकाने म्हणाल्या, "अहो, तो तर खास गावी जाऊन आला."

मग मात्र राहवेना. "गेलोच नाही, ताई."

आजोबांनी आपलं बोट हळूच मुठीत घेतलं. ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.