गच्ची मानेसरच्या पुढे

“मॅडम, आपकी बिल्डिंग तो मानेसर से भी आगे निकल गई!” कॅप्टन भाटिया टॅबलेट माझ्यापुढे धरून हसत होते. मला हसू येईना.

आम्ही उभे होतो मयूर विहारला, माझ्या सोसायटीच्या गच्चीवर. सूर्य नुकताच वर आला होता, नैर्ऋत्येला चंद्र अजून ठळक होता. मी पूर्वी व्यापारी जहाजांवर ऑफिसर होते. आता गुरुग्रामच्या एका कंपनीत कॅडेट्सना आकाश पाहून ठिकाण काढायला शिकवणारं ॲप बनवते. भाटिया आमचे क्लायंट. ऑफिसातला डेमो त्यांना नको होता. असली चाँद दिखाओ, मगच सही, असा त्यांचा हट्ट.

सेक्स्टंट म्हणजे कोन मोजायचं यंत्र. समुद्रावर क्षितिजापासून चंद्राची उंची मोजतात. दिल्लीत कुठलं क्षितिज? म्हणून थाळीत काळं इंजिन ऑइल ओतलं. चंद्र आणि तेलातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा, निम्मा केला की उंची. यंत्र भाटियांनी स्वतःच धरलं होतं. तिच्यात दुरुस्त्या करून नकाशावर एक रेषा मिळते. ती आपल्या जवळून जायला हवी. आमची गेली तीसेक सागरी मैल लांबून, गुरुग्रामपलीकडच्या मानेसरच्याही पुढून.

“मॅडम, निम्मं केलंय, वातावरणाची दुरुस्ती पण आहे,” आमची डेव्हलपर केतकी कोड बघत म्हणाली. “पॅरॅलॅक्स असेल का?”

पॅरॅलॅक्स ही चंद्राची खास कटकट. तो इतका जवळ आहे की आपल्याला दिसणारी उंची आणि पृथ्वीच्या केंद्रातून दिसली असती ती उंची यांत चांगलाच फरक पडतो. पण ते गणित बरोबर निघालं.

भाटियांनी घड्याळ पाहिलं. चंद्र फिका पडत चालला होता.

एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, कोन चुकला की एक मैल चुकतो. म्हणजे चूक तीस मिनिटांची. चंद्राची रुंदीही साधारण तेवढीच!

“केतकी, तू टेस्टिंग चंद्राच्या कुठल्या कडेवर केलंस?”

“खालच्या. सगळं.”

“आज आम्ही वरची घेतली. खालचा भाग अंधारात आहे, बघ.”

जहाजी पंचांगात वरच्या कडेच्या आकड्यात तीस मिनिटं मुद्दाम वाढवून छापतात, उणे आकडे टाळायला. शेवटी ती वजा करायची असतात. आमच्या ॲपनं वजा केलीच नव्हती.

केतकीनं तिथंच, पाण्याच्या टाकीला टेकून, ती ओळ घातली. रेषा सरकली आणि आमच्या गेटपासून मैलभरावर येऊन थांबली.

“यार, ये एक मील किसका?” भाटियांनी विचारलं.

“सर, तुमच्या हाताचा,” केतकीच्या तोंडून मराठीतच गेलं. मी हिंदीत सांगितलं, जरा सौम्य करून. ते खो खो हसले आणि खाली येऊन पोहे खाता खाता त्यांनी सही केली.

तेव्हापासून चूक अशी ओळखीच्या मापाची निघाली की मी आधी गणित तपासते. हाताची चूक इतकी नीटनेटकी नसते.