दिराशी लग्न आणि समासातली बारीक अक्षरं

नवरा फौजेत वारला त्याला वर्ष होत आलं होतं. एका संध्याकाळी घरच्या उपासनेत मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रातला उतारा वाचला. भाऊ मुलगा न होता मेला, तर त्याच्या विधवेशी दुसऱ्या भावानं लग्न करावं. पुस्तक मिटून ते म्हणाले, "देवाच्या मनात काय हाय ते समद्यांनी ऐकलं." मग जेवायला वाढायला सांगितलं.

मी हबकलेच. मी लग्न होऊन कोरेगावात आले तेव्हा माझा दीर, नवऱ्याचा धाकटा भाऊ, शाळेत जात होता. त्याच्या सदऱ्याची बटणं मीच लावायची! तोही बिचारा दुसऱ्या दिवसापासून बाहेरच जेवून यायला लागला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही. नको म्हणावं तर सांगलीला माहेरी जायचं, आणि माझी दोन वर्षांची लेक? पोरगी आमच्या घरची, असं मामंजींनी आधीच बजावलं होतं. लेकीवाचून मी जगले नसते.

मग मी दुपारी बायबल घेऊन बसायला लागले. लग्नात वडिलांनी दिलेलं. त्याच्या समासात बारीक अक्षरांत 'अमुक ठिकाणी पाहा' असं छापलेलं होतं. तोवर मी तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता एक वचन मला दुसऱ्याकडं धाडायचं, दुसरं तिसऱ्याकडं, कचेरीतल्या कारकुनांसारखं. एका जागी भावजयीशी लग्न कर. दुसऱ्या जागी, त्याच मोशेच्या शास्त्रात, भावाच्या बायकोला हात लावू नको. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या कथेत, तर भावाची बायको ठेवणाऱ्या राजाला बोल लावला, म्हणून संदेष्ट्याचं मुंडकंच उडालं. पण तो भाऊ जिवंत होता म्हणे, मग ते मला लागू की नाही? डोकं पार चक्रावलं. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "प्रार्थना करा." एवढं मलाही ठाऊक होतं.

आमच्यात रीत अशी, की उपासनेत ज्याची पाळी त्यानं उतारा निवडायचा. मामंजींपुढं तोंड उघडायची सोय नव्हती, पण शास्त्र उघडायला कोण अडवणार? माझ्या पाळीला मी मनाईचा उतारा वाचला. त्यांच्या पाळीला त्यांनी पुन्हा आपलाच वाचला, सावकाश, मोठ्यानं. मी परत माझा. देव दोघांच्याही तोंडून बोलत होता आणि मी आणखीच गोंधळत होते.

एका दुपारी सासूबाई जोंधळे निवडता निवडता म्हणाल्या, "तुमी दोघं शास्त्र काढून भांडताय. मला वाचाया येत न्हाई. त्यात आसं कुठं हाय का, की नात आजीजवळ ऱ्हावी?"

तसं होतं. समासानंच मला तिथं नेलं होतं. तिथल्या एका गोष्टीत परमुलखातली विधवा सून सासूची पाठ सोडत नाही, आणि शेवटी तिचं मूल सासू उराशी घेते. पण ते मूल दुसऱ्या लग्नाचं, आणि तो नवराही सासरच्याच नात्यातला. म्हणजे मामंजींचंच खरं ठरत होतं. सांगावं की गप्प बसावं, कळेना. शेवटी सगळी गोष्ट वाचून दाखवली, लग्नासकट.

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "त्या सुनेला कुणी बांधून ठिवलं हुतं का?"

"न्हाई आत्याबाई. सासू जा म्हणत हुती. ती आपल्या मनानं आली."

त्यांनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "मला वाटलं, लगीन न्हाई लावलं तर तू पोरीला घिऊन जाशील. म्हणून मी बी गप ऱ्हायले."

मला रडू फुटलं.

"लगीन न्हाई म्हून त्यास्नी मी सांगते. तू जा सांगलीला. पोरीला घिऊन जा," त्या म्हणाल्या. "पर ये, बाई."

देवाला नेमकं काय हवं होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी लेकीला घेऊन सांगलीला गेले. आणि परत आले.