तुळसाबाईची अळंबीची जागा

कुडपणच्या तुळसाबाईला पोलादपूरच्या डॉक्टरने सांगितलं, "आजी, अशक्तपणा आलाय. डाळी, अंडी, मशरूम असं काहीतरी खात जा." म्हातारीला हसू आवरेना. मशरूम म्हणजे आपली अळंबी, एवढं तिला माहीत होतं. जिच्या चुलीवर दर श्रावणात अळंबी शिजली, तिला अळंबी खा म्हणून सांगायचं!

मुंबईत राहणाऱ्या किशोरला, तिच्या एकुलत्या एका लेकाला, हे कळलं आणि त्याने फोनवर शाळाच घेतली. "आई, मशरूममध्ये प्रोटीन असतं, बी व्हिटॅमिन असतं. चरबी जवळजवळ नाहीच. डॉक्टर बरोबर सांगतायत."

"ल्हानपणी तू ताट चाटूनपुसून खायचास, तवा ह्यातलं कायबी म्हायती नव्हतं रे," तुळसाबाई म्हणाली. "तू ये. तुझ्या हातानं काढ, मी रांधते. मग दोघं खाऊ."

खरी गोष्ट अशी की, नवरा गेल्यापासून तिने स्वतःसाठी अळंबी रांधलीच नव्हती. एकटीसाठी कोण खोबऱ्याचं वाटप वाटणार? भाताबरोबर मिरची कुस्करली की झालं. अशक्तपणा येणार नाही तर काय होणार!

आणि दुसरी गोष्ट जागेची. अळंबी दरसाल त्याच वारुळाजवळ उगवते. ती जागा घराबाहेर कुणाला सांगत नाहीत. नवी नवरी असताना सासूने तिला हाताला धरून नेऊन दाखवली होती. तुळसाबाईने अजून कुणालाच दाखवली नव्हती. किशोर यायचा गणपतीला, नाहीतर शिमग्याला. तोवर अळंबी मातीत मिळालेली असायची. आपण गेलो की जागाही आपल्याबरोबर जाणार, हे तिला फार लागायचं.

या श्रावणात किशोर म्हणाला, "रविवारी येतो. नक्की."

गुरुवारी ती काठी टेकत वर रानात गेली आणि पाहते तो काय, वारुळाच्या कडेने पांढऱ्या कळ्याच कळ्या! दिसली अळंबी की त्याच दिवशी काढायची, हे तिथल्या पोरींनाही ठाऊक असतं. तुळसाबाईला ठाऊक नव्हतं थोडंच? पण लेकाला रिकामी जागा दाखवणं तिच्या जिवावर आलं. तिने पळसाची पानं तोडली, कळ्यांवर हलकेच पांघरली आणि घरी आली. शेजारच्या प्रयागबाईलाही बोलली नाही. रात्री मात्र खोबरं भाजून ठेवलं.

रविवारी एसटी आली. किशोर उतरला नाही. कंडक्टरने तिच्या हातात एक पिशवी दिली. आत प्लॅस्टिकच्या डबीत पांढरीशुभ्र, सारख्या आकाराची मशरूम होती. लेकाला ऐनवेळी कामावर बोलावलं होतं, असा त्याचा निरोप.

पिशवी ओट्यावर ठेवून ती तशीच वर गेली. पानं उचलली. छत्र्या फुटून काळ्या पडल्या होत्या, आत अळ्या वळवळत होत्या. तुळसाबाई तिथेच बसली आणि पोटभर रडली. सासू असती तर म्हणाली असती, अगो, अक्कल गहाण टाकलीस काय?

संध्याकाळी तिने डबीतली मशरूमच भाजलेल्या खोबऱ्यात रांधली. चव वाईट नव्हती, पण अळंबीचीही नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"खाल्लीस ना, आई?"

"खाल्ली." मग तिला राहवलं नाही. तिने वारूळ, कळ्या, पळसाची पानं, सगळं सांगून टाकलं.

किशोर म्हणाला, "अगं वेडे, काढून खायची नाही का? आणि जागेचं एवढं काय? फोनवर सांग ना. मी लक्षात ठेवतो."

तुळसाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. वरच्या पाणवठ्यापासून डावीकडे, ऐनाच्या झाडाखाली. एका दमात सांगून झालं असतं.

"नाय सांगनार," ती म्हणाली. "सांगितली तर तू येशील कशाला?"