तिसऱ्या रॉडचा चमचा

"मोरू, हा आवाज तुझा हाय का माझा, बघ बरं," डेव्हिडमामा म्हणाले आणि त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं.

मी बॉनेटखाली वाकलो. टक, टक, टक. रेस दिली की आवाज वाढायचा, सोडली की उतरायचा. मेकॅनिकला असा आवाज एकदाच ऐकावा लागतो. बेअरिंग गेलं होतं. आणि ते इंजिन पाच दिवसांपूर्वी मीच बांधलं होतं.

"बंद करा मामा," मी म्हणालो. "माझाच आहे."

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गाडी तिसगावच्या अलीकडे, करंजीचा घाट उतरून आल्यावर, एका लिंबाखाली उभी होती. मागे टाकीत पाणी भरलेलं. तिसगावच्या पलीकडच्या तीन वस्त्यांना हा एकच टँकर लावून दिलेला होता, एक दिवसाआड. गाडी मिशनच्या दवाखान्याची. दुष्काळ म्हणून त्यांनी ती पाण्यासाठी दिली होती आणि डेव्हिडमामा शिंदे तिचे ड्रायव्हर. आजचं पाणी गाडीत होतं, त्यामुळं आजची काळजी नव्हती. पण परवा दुपारपर्यंत गाडी पुन्हा भरून आली नाही, तर त्या वस्त्यांवर प्यायला काही नव्हतं. तालुक्यात मोकळा टँकर एकही नव्हता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्या फेरीला मी स्वतः तिथल्या रांजणांचे तळ पाहिले होते.

मी गाडीबरोबर कसा, तर ती आमच्या गॅरेजची पद्धत. नवीन बांधलेल्या इंजिनाबरोबर मेकॅनिकनं पहिल्या पाच फेऱ्या जायचं. आमचे मालक लतीफभाई म्हणायचे, "ज्यानं बांधलं त्यानं त्याच्यावर बसून जायचं. मग नट सैल राहत न्हाई." ही माझी तिसरी फेरी होती.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या मुलखातला. सातवीनंतर शाळा सुटली. चुलते नगरच्या लष्करी छावणीत मेसमध्ये स्वयंपाकी होते, त्यांनी मला आणून लतीफभाईंच्या हवाली केलं. पुढं चुलत्यांची बदली झाली, मी राहिलो. बोलताना "करून राहिलो", "जाऊन राहिलो" आलं की गॅरेजमधले म्हणायचे, "राह्यलास ना? मग राहा, उगा सांगू नको." हसून घ्यायचो. पण आत कायम एक धाकधूक असायची. चूक झाली तर हे मला घरी पाठवतील, आणि घरी जाऊन मी काय करणार?

पहिलं काम पाण्याचं. मामांनी एका सायकलवाल्याकडून तिन्ही वस्त्यांवर निरोप धाडला. तासाभरात बाया हंडे घेऊन दोन मैल चालत आल्या. सगळ्यात पुढं पारूबाई. वस्तीवर पाणी वाटायचं काम त्यांच्याकडं असायचं.

"काय रं ड्रायव्हर, गाडी थकली का तू?"

"गाडी थकली पारूबाई. मी कवाच थकलोय, पन मला कोन इचारतंय."

"परवाला येशील का न्हाई ते सांग."

मामांनी माझ्याकडं बघितलं. पारूबाईंनीही बघितलं. "येईल," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ठाऊक नाही.

मग मी एक चिठ्ठी लिहिली आणि नगरकडं जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला दिली. लतीफभाईंना: तिसरं बेअरिंग गेलं. व्हाईट मेटल, ओतायची पळी, साचा आणि स्क्रेपर घेऊन या. खाली सही केली. 'माफ करा' लिहावंसं वाटलं, पण नेमकं कशाबद्दल ते अजून कळलं नव्हतं.

आता या इंजिनाबद्दल थोडं सांगतो. ज्या अमेरिकन कंपनीची ही गाडी, तिचं नाव त्या काळातले ट्रक पाहिलेल्यांना सांगायला नको. एके काळी तिचे सुटे भाग लाकडी पेट्यांतून मुंबईला यायचे आणि तिथं गाड्या जोडल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकार म्हणालं, नुसत्या जोडू नका, इथं बनवा. कंपनीला ते परवडलं नाही. तिनं गाशा गुंडाळला. गाड्या मात्र इथंच राहिल्या. आमचा ट्रक दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा, मिशननं लिलावात घेतलेला. त्याचा रॉड मोडला की नवा रॉड द्यायला कंपनीच नाही. मग मुंबईच्या जुन्या बाजारात धुंडायचं. तिथं कंपनीचा असली माल मिळाला तर नशीब. नाहीतर कुणीतरी इथंच केलेली नक्कल. यंदा आम्हाला तिसऱ्या सिलिंडरचा रॉड असाच नकलेचा मिळाला होता. रॉड म्हणजे पिस्टनला खालच्या शाफ्टशी जोडणारा दांडा. जिथं तो शाफ्टला पकडतो तिथं आत मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. तेच बेअरिंग.

मी गाडीखाली शिरलो. तेल परातीत काढलं. मामांनी ते धोतराच्या फडक्यातून गाळून ठेवलं, कारण दुसरं तेल नव्हतं. खालचा तेलाचा चेंबर उतरवला. तळाशी चांदीसारखी चमचम. ती बेअरिंगची भुकटी.

"तेल कमी पडलं असंल," मी म्हणालो.

मामा गाडीखाली वाकले. "रोज सकाळी मी काडी घालून तेल बघतो. प्रार्थनेच्या आधी. तू मला सांगतोस तेल कमी?"

"तसं नाही मामा."

"मग कसं?"

कुणावर तरी ढकलायला मी किती पटकन तयार झालो, हे माझं मलाच दिसलं. पुन्हा वर बघितलं, आणि तेव्हा ते दिसलं.

हल्लीच्या इंजिनात पंप प्रत्येक बेअरिंगला दाबानं तेल पोचवतो. या कंपनीनं जुनी पद्धत बरीच वर्षं सोडली नव्हती. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला पळीच्या तोंडाएवढा एक चमचा असतो. इंजिन फिरलं की तो खालच्या तेलात बुडतो आणि आपलं तेल आपणच उचलतो. साधं आणि स्वस्त. अट एकच, ज्या बाजूला फिरायचं त्या बाजूला चमच्याचं तोंड पाहिजे. वर सहा चमचे होते. पाचांची तोंडं एकीकडे. तिसऱ्याचं उलट बाजूला. फिरताना तो तेलाला पाठ दाखवत होता.

मी बोटानं पुन्हा एकदा मोजून बघितलं.

लतीफभाईंचा एक नियम होता. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कंपनी भागांवर अक्षरं आणि नंबर एकाच बाजूला ठोकते, हे त्यांनी वर्षानुवर्षं बघून ठेवलं होतं. "अक्षरं आपल्याकडं ठेवून बसव, चुकणार न्हाई." आणि खरंच कधी चुकलं नव्हतं. नक्कल करणाऱ्यानं मात्र नंबर दुसऱ्या बाजूला ठोकला होता. मी अक्षरं आपल्याकडं ठेवली, रॉड उलटा बसला. घाईत चमचा बघितलाच नाही. नव्या गाड्यांना चमचे नसतात, त्यामुळं डोळ्याला ती सवयच नव्हती.

वाटलं, गुपचूप फिरवून टाकावा. बेअरिंग नकलेचं होतं, गेलं, असं म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं?

मामांनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. लतीफभाई आता मला गावी पाठवतील."

मामा रस्त्याकडेच्या बांधावर बसले आणि त्यांनी विडी पेटवली. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस, आणि दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरसाहेबांची गाडी कैक वर्षं चालवलेला. साहेबाकडून त्यांनी या कंपनीची सगळी कुळकथा ऐकली होती.

"ऐक. ज्याच्या नावानं ही गाडी हाय ना, तो रेसचा ड्रायव्हर हुता. भांडून लवकरच निघून गेला. नाव तेवढं मागं राहिलं. आन ज्यानं कंपनी काढली, त्याला त्याच्या आधीच्या मोठ्या कंपनीनं भायेर काढलं हुतं. मग यानं ही गाडी काढली. ती इतकी खपली, की हिच्या जोरावर गड्यानं ती मोठी कंपनी परत ताब्यात घेतली."

"मग?"

"मग काय. त्यांनी पुन्हा भायेर काढलं."

"मग?"

"दुसऱ्यांदा न्हाई जमलं त्याला. पन एकदा तर जमलं. तुझी तर पहिलीच येळ हाय."

त्या परिस्थितीतही मला हसू आलं.

लतीफभाई दुपारच्या एसटीनं उतरले. खांद्याला पिशवी, कपाळाला घाम. मी त्यांना गाडीखाली नेलं आणि बोटानं दाखवलं. "रॉड मी उलटा बसवला. अक्षरं बघितली, चमचा नाही बघितला."

त्यांनी वर बघितलं. मग कोपरावर रेलले.

"नियम कुणाचा?"

"तुमचा."

"हात कुणाचा?"

"माझा."

"मग अर्धं अर्धं. चल, हेड उतरव. दिवस हाय तोवर काम कर."

एवढंच. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडं काम केलं, त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, पिस्टनसकट रॉड वर काढला. शाफ्टवर चरे पडले होते. त्यावर पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळली, वरून सुतळी, आणि एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मामा, ताक घुसळल्यासारखे ओढत बसलो, नख फिरवल्यावर अडकेना तोवर. धातू वितळवायला तिसगावच्या लोहारानं आपला भाता दिला. बेअरिंग ओतताना साच्याला काजळी लावावी लागते, नाहीतर धातू चिकटतो. आणि ओतल्यावर तेच काजळ तेलात कालवून शाफ्टला लावायचं, रॉड बसवून फिरवायचा, काढायचा. जिथं काळं लागलं तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा खरवडायचा. काजळ पारूबाईंनी दिलं. नातीसाठी घरी पाडलेलं होतं.

"पोरीच्या डोळ्याचं गाडीला लावतोस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "लाव बाबा. तिला बी नजर लागली असंल."

लतीफभाईंनी खरवडायला मलाच बसवलं. स्वतः बाजूला बसून नुसतं बघत होते. मी घाई करायला लागलो की म्हणायचे, "पाणी पी." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडं सारखं काळं लागलं. रॉड या वेळी फिरवून बसवला. आधी अक्षरांवर बोट ठेवलं, मग चमच्यावर. लतीफभाईंनी माझ्यामागून तेच केलं. मग मामांनीही केलं. त्यांचं काही काम नव्हतं, तरी केलं.

इंजिन चालू झालं. आवाज नव्हता. ऑईलचा दाब दाखवणारा काटा खालीच राहिला, माझा जीव पुन्हा वर आला. मामा म्हणाले, "हिचा काटा तिथंच असतो. ही दाबावर न्हाई, चमच्यावर चालते." मला तोवर हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

रिकामी गाडी बेताच्या वेगानं घाट चढून नगरला गेली, भरून तशीच परत आली. ठरल्या दुपारी वस्तीवर पोचली. पारूबाईंनी पहिला हंडा भरला, बाजूला ठेवला आणि आम्हा तिघांना तांब्याभर पाणी प्यायला दिलं. आमच्याच टाकीतलं पाणी, पण तसं पाणी मी पुन्हा प्यालो नाही.

विहिरींना पाणी येईपर्यंत तो ट्रक त्याच बेअरिंगवर चालला. मी नगरलाच राहिलो.

आता माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो: कंपनी नसेल, माल नकलेचा असेल, नियम मालकाचा असेल, तर बोल्ट आवळायच्या आधी एक प्रश्न विचारा. इथं तेल कुठून येतं? उत्तर येत नसेल तर हात थांबवा. लाज वाटेल, पण ती बेअरिंगपेक्षा स्वस्त पडते.