कर्नेलमधला दशांश

यवतमाळहून पुण्याला आले आणि कर्वेनगरमधल्या एका लहानशा कंपनीत लागले. पहिलंच काम धायरीतल्या स्प्रिंगच्या कारखान्याचं. तिथल्या दोन चाचणी यंत्रांवरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये आणणारा ड्रायव्हर मी लिहिला. तो कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालायचा.

महिन्याभरात तक्रार आली. मधूनच एखाद्या स्प्रिंगचा ताण भलताच दिसे. मी दोन दिवस तिथे जाऊन बसले, काही सापडेना. शेवटी चाचणी करणाऱ्या काकू म्हणाल्या, "ताई, दोन्ही मशिनी संगं चालल्या की चुकतंय. एकच चालू असली की बरोबर हाय." वहीच्या मागच्या पानावर त्यांनी प्रत्येक चूक वेळेसकट टिपून ठेवली होती.

ते पान उतरवून घेऊन मी ऑफिसात आले. आमचे सीनिअर शनिवार पेठेतले. त्यांनी माझी कंपायलरच्या फ्लॅग्जची फाइल उघडली; कोड यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्या कंपायलरने काय करावं, काय करू नये, ते त्यात लिहिलेलं असतं.

"दशांशाच्या सूचना वापरू नकोस, असं कंपायलरला सांगणारा फ्लॅग इथे होता. आपण काढलात?"

"त्याच्यामुळे ड्रायव्हर तयारच होत नव्हता, सर."

"वॉचमन अडवतो म्हणून वॉचमनलाच घरी पाठवलंत."

मग त्यांनी नीट समजावलं. प्रोसेसरकडे दशांशाच्या गणितासाठी जणू एकच पाटी असते. काकूंच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम तिच्यावर हिशेब करत असताना दुसऱ्या यंत्राचा आकडा आला, की माझा ड्रायव्हर तो किलोत आणण्यासाठी तीच पाटी पुसून स्वतःचा दशांशातला गुणाकार करायचा. कर्नेल आतलं आपलं काम दशांशाशिवायच करतं, म्हणून तिथे शिरताना ती पाटी कोणी जपून ठेवत नाही.

लाज वाटली, पण त्याहून जास्त उत्सुकता. कंपायलरने माझ्या गुणाकाराच्या एका ओळीच्या नेमक्या कोणत्या सूचना केल्या, ते मी पहिल्यांदाच उघडून पाहिलं. दशांशाच्या सूचना तिथे होत्या, सरळ समोर. दुपारभर मी इतर फ्लॅग्जही बदलून बदलून पाहत राहिले, कामाचं विसरलेच.

दुसऱ्या दिवशी फ्लॅग परत घातला, गुणाकार पूर्णांकात केला आणि धायरीला गेले. दोन्ही यंत्रं दिवसभर चालवली. एकही आकडा चुकला नाही. ड्रायव्हरमधून दशांशाचा पॉइंट काढून टाकला, असं मी काकूंना सांगितलं.

"पॉइंट कुठं गेला मग?" काकूंनी विचारलं.

"आतमध्ये किलोऐवजी ग्रॅम मोजते आता."

"आन् पहिल्यांदा तो पॉइंट आत घातला कुणी होता?"

"मीच."

त्या हसल्या आणि पुढची स्प्रिंग लावायला वळल्या.