लाईट गेल्याचा मेसेज

आयुष्यात मी एकच वेबसाइट बनवली, आणि ती कुणी बघावी म्हणून नव्हतीच. कान्हे गावातल्या आमच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर एक कोरं पान ठेवलं होतं. इंटरनेटवरची एक फुकट सेवा ते पान सारखं उघडून बघायची. उघडलं नाही की मला मेसेज. कॉम्प्युटर मुद्दाम इन्व्हर्टरला जोडला नव्हता; घरची लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि कॉम्प्युटर बंद की साइट बंद. मी लोणावळ्यात हॉटेलच्या काउंटरवर असायचो आणि वडील घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर. त्या यंत्राचा भार आमच्या लहानशा इन्व्हर्टरला झेपत नसे.

मेसेज आला की मी शेजारच्या आबांना फोन करायचो. ते येऊन नळी सिलिंडरला जोडायचे. वडिलांना उठवत नव्हतं आणि आई दिवसभर शेतावर. पावसाळ्यात आमच्याकडची लाईट म्हणजे लहरी पाहुणी, पण युक्ती चालली. हॉटेलातले चिडवायचे, "पडली का तुझी कंपनी?" मला मात्र स्वतःचं कौतुक वाटायचं.

आईला मी सगळं समजावलं होतं. पण सुट्टीला घरी गेलो की आबांचं आणि माझं तेच बोलणं: काल साइट पडली, आज परत पडली. तिने घेतलं ते एवढंच, की पोराचं काहीतरी सारखं पडतंय.

भातलावणी चालू होती. दुपारी वडिलांना फोन केला, उचलला नाही. फोनमध्ये बघितलं, साइट चालू. म्हणजे लाईट आहे, म्हणजे झोपले असतील. मी पाहुण्यांना खोल्यांच्या चाव्या देत बसलो.

लाईट सकाळीच गेली होती. यंत्राने शिट्टी मारली असणार, पण पत्र्यावरच्या पावसात आबांना ती ऐकू आली नाही. आई शेतावरून परतली तेव्हा सगळं संपलं होतं.

मी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. आईने माझा हात घट्ट धरला. रडून तिचा आवाज बसला होता.

"तुजी साईट सारखी पडती म्हून सकाळी शेतावर जाताना कॉम्पुटरची पिन इन्व्हर्टरला लावली मी. आज न्हाई ना पडली?"

म्हणूनच मेसेज आला नव्हता. तिला त्या दिवसातलं एक तरी चांगलं ऐकायचं होतं.

"नाही आई," मी म्हणालो, "आज नाही पडली."

खरं काय ते तिला अजून ठाऊक नाही. माझ्या तोंडून तरी कधी कळणार नाही.